कंजेनिटल : एका इंग्रजी शब्दाची नीट ओळख



गेल्या जूनमध्ये प्रवेशाचे अर्ज तपासताना आम्ही एकाच रकान्यापाशी अडलो. इंग्रजी अर्जात विचारले होते, पाल्याला काही 'कंजेनिटल' आजार आहे काय? एका वडिलांनी 'येस' लिहून पुढे 'दर पावसाळ्यात खोकला' अशी नोंद केली होती. दुसऱ्या एका अर्जात तो रकाना कोराच होता. मुलीच्या आईशी बोलताना हळूहळू कळले की, मुलीच्या हृदयाला जन्मतः छिद्र होते, दुसऱ्या वर्षी शस्त्रक्रिया झाली आणि आता ती मैदानावर इतरांसारखीच धावते. लिहिले तर शाळा प्रवेश देणार नाही, असे आईला वाटले होते.

दुसऱ्यांना हसावे असे आमचेही काही नाही. मागे एकदा आमच्याच इंग्रजी अहवालात शाळेचे वातावरण 'कंजेनिटल' असल्याचे छापून गेले! म्हणायचे होते 'कंजीनिअल', म्हणजे मनाला मानवणारे, प्रसन्न. एका विश्वस्तांनी चूक दाखवली तेव्हा प्रती वाटून झाल्या होत्या. म्हणून या वेळी हाच शब्द घेतला आहे.

कंजेनिटल हा शब्द लॅटिनमधून आला. 'कॉन' म्हणजे सोबत आणि 'जेनिटस' म्हणजे जन्मलेला. यातला 'जेन' आणि आपल्या संस्कृतमधला 'जन्' हे धातू एकाच कुळातले. गंमत अशी की, याच घडणीचा एक शब्द आपण रोज वापरतो. तो म्हणजे 'सहज'. सह म्हणजे सोबत, ज म्हणजे जन्मलेले. आज आपण "सहज आलो होतो" म्हणतो तेव्हा जन्माचा विचारही मनात नसतो. पण जुन्या आयुर्वेदात जन्मतः असलेल्या मूळव्याधीला 'सहज अर्श' असेच म्हटले आहे. व्यवहारातल्या मराठीत आपण जन्मजात किंवा उपजत म्हणतो.

आता मुख्य मुद्दा. हा शब्द फक्त वेळ सांगतो. दोष जन्माच्या वेळी होता, एवढेच. तो का झाला, कोणाकडून आला, बरा होईल की नाही, यातले काहीही हा शब्द सांगत नाही. आपल्या घरांतून मात्र 'जन्मजात' म्हटले की या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळाली असे धरले जाते.

सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ साली एक महत्त्वाचे निरीक्षण मांडले. त्यांच्याकडे जन्मतःच मोतीबिंदू असलेली बाळे एकामागून एक येऊ लागली होती. चौकशी करता बहुतेकींच्या आयांना गरोदरपणी रुबेला, म्हणजे जर्मन गोवर, होऊन गेल्याचे आढळले. हा दोष कंजेनिटल होता, पण आनुवंशिक नव्हता. आज लहानपणी जी गोवर-रुबेलाची लस टोचतात, तिचे एक मोठे कारण हेच.

उलट रंगांधळेपण पाहा. रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांनी १७९४ साली स्वतःच्या रंगदृष्टीविषयी निबंध वाचला. त्यांच्या भावालाही तसेच दिसत असे. हे बहुधा जन्मजातही असते आणि आनुवंशिकही. सुरतेत रंगाटी आणि साड्यांच्या कामावर ज्यांचे घर चालते त्यांनी मुलाची ही तपासणी जरूर करून घ्यावी. तिसरा प्रकार सिकलसेलचा. डांग, तापी, नंदुरबार या पट्ट्यात हा आजार पुष्कळ आढळतो. दोष आईवडील दोघांकडून येतो, पण बाळ सुरुवातीचे काही महिने ठणठणीत दिसते, कारण गर्भातले हिमोग्लोबिन त्याला सांभाळत असते. अशा आजाराला 'जेनेटिक' किंवा 'इनहेरिटेड' म्हणणे अधिक नेमके.

आणि पोलिओ? तो जन्मानंतर होणारा रोग. आपल्या आजोबांच्या पिढीतले कित्येक "जन्मापासून अधू" म्हणवले गेलेले लोक खरे तर वर्षा-दोन वर्षांचे असताना पोलिओने अधू झाले होते. ते कंजेनिटल नव्हे.

बीजातून आलेला दोष आणि गर्भात असताना आलेला दोष हा फरक सुश्रुतसंहितेतही आहे. पहिल्याला आदिबलप्रवृत्त म्हटले आहे, दुसऱ्याला जन्मबलप्रवृत्त. मात्र दुसऱ्याचे खापर तिथे आईच्या वागण्यावर फोडले आहे, ते आज मान्य करता येत नाही. दुभंगलेल्या ओठाचे बाळ जन्मले की अजूनही विचारतात, ग्रहणात सुरी हातात घेतली होती का? ग्रहणाचा आणि ओठाचा काडीचाही संबंध नाही. गर्भाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत ओठाचे भाग जुळायचे राहिले की तसे होते, आणि शस्त्रक्रियेने ते नीट करता येते. आत वळलेले पाऊलही तसेच. जन्मानंतर लवकर उपचार सुरू केले तर दर आठवड्याला प्लास्टर बदलत बहुतेक पावले सरळ होतात. जन्मजात म्हणजे कायमचे, असे नव्हे.

पालकांनी विम्याच्या कागदांवर हा शब्द विशेष जपून वाचावा. आपल्या देशातल्या विमा नियमांत शरीराच्या आतल्या जन्मजात दोषाला 'इंटर्नल' आणि बाहेरून दिसणाऱ्याला 'एक्स्टर्नल' म्हणतात. अनेक पॉलिसींत दोहोंचे नियम निराळे असतात. 'जेनेटिक' आजार सरसकट वगळण्याच्या कलमाला तर दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली बेकायदा ठरवले. खोकल्यापुढे उगाच 'कंजेनिटल' लिहिणाऱ्या वडिलांना हे सारे आम्ही समजावून सांगितले, तेव्हा त्यांनी घरातले इतर कागदही तपासायला आणले.

वाक्यात वापरताना हे विशेषण दोषाला लावायचे, माणसाला नाही. 'ही इज कंजेनिटल' हे चूक. 'ही हॅज अ कंजेनिटल हार्ट डिफेक्ट' हे बरोबर. 'कंजेनिटल सिन्स बर्थ' म्हणजे जन्मजात जन्मापासून, तेही नको. रोजच्या बोलण्यात तर 'शी वॉज बॉर्न विथ अ होल इन हर हार्ट' हे साधे वाक्य आम्हांला जास्त आवडते.

इंग्रजीत सवयीलाही हा शब्द लावतात. १९९६ साली विल्यम सफायर या अमेरिकन स्तंभलेखकाने हिलरी क्लिंटन यांना 'कंजेनिटल लायर' म्हटले आणि मोठा गदारोळ झाला. आपल्या शहरात याची छान जोडी सापडते. गुजराती शेजारी शरीरातल्या व्यंगाला खोड म्हणतात, आणि आपण वाईट सवयीला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही ना, तीच. कंजेनिटल या एका शब्दात दोन्ही खोडी मावतात. पण वर्गमित्राला चिडवायला तो वापरू नये. आजारी मुलाच्या कानावर तो रोज पडत असतो.

यंदाच्या अर्जात त्या रकान्याखाली मराठीत व गुजरातीत छापले आहे : 'जन्मापासून असलेला दोष, झालेले उपचार, आणि शाळेने घ्यायची काळजी. या माहितीमुळे प्रवेश नाकारला जाणार नाही.'

आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी पुढील तीन गोष्टींपैकी कशाला कंजेनिटल म्हणता येईल ते कारणासह लिहून आणावे : चौथ्या वर्षी तापानंतर आलेले बहिरेपण, जन्मतः जोडलेली दोन बोटे, आणि आजोबांना साठीत झालेला मधुमेह.