गॅसच्या शेगडीची नळी व रेग्युलेटर : तपासणी आणि बदल

ग्रामीण भागातील स्वयंपाकघराचे स्वरूप गेल्या काही वर्षांत झपाट्याने पालटले आहे. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेचा प्रारंभ झाला आणि चुलीच्या धुरात आयुष्य घालविणाऱ्या असंख्य गृहिणींच्या घरी गॅस पोहोचला. अनेक शाळांतील पोषण आहारही आता गॅसवर शिजतो. परंतु इंधन पालटले, की त्यासोबत येणारी दक्षताही अंगवळणी पडावी लागते. सिलिंडर रिकामा झाला की बदलला जातो व प्रत्येक वेळी त्याची तपासणी होते. रेग्युलेटर व रबरी नळी मात्र वर्षानुवर्षे त्याच राहतात. या नळीची मुदत ५ वर्षांची असते. २०१६ मध्ये जोडणीसोबत मिळालेली नळी बदलली गेली नसेल, तर तिची मुदत २०२१ मध्येच संपली आहे. म्हणून या दोन वस्तूंविषयी माहिती करून घेणे अगत्याचे आहे.

रेग्युलेटरचे कार्य

स्वयंपाकाचा गॅस हे मुख्यतः प्रोपेन व ब्युटेन या वायूंचे मिश्रण होय. सिलिंडरमध्ये तो दाबाखाली द्रवरूपात असतो. आतील दाब हवामानानुसार कमीअधिक होतो. शेगडीला मात्र दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३० ग्रॅम इतका अल्प व स्थिर दाब लागतो. सिलिंडरमधील दाब सामान्यतः याच्या शंभरपटीहून अधिक असतो. तो उतरविण्याचे काम रेग्युलेटर करतो. त्याच्या आत एक लवचीक पडदा व स्प्रिंग असते. पडदा वरखाली होऊन गॅसची वाट कमीअधिक उघडतो. पडद्याच्या वरच्या बाजूस हवा ये-जा करण्यासाठी एक बारीक छिद्र ठेवलेले असते. ते पिठाने वा तेलकट मळीने बुजल्यास दाब बिघडतो. टाचणीने कोरल्यास पडदाच फाटण्याचा संभव असतो. ते केवळ कोरड्या फडक्याने पुसावे.

गळती इतकी घातक का?

एक लिटर द्रवापासून सुमारे २५० लिटर वायू तयार होतो आणि हवेत सुमारे २ टक्के गॅस मिसळला, तरी ते मिश्रण पेट घेऊ शकते. म्हणजे एक लिटर द्रव गळाल्यास बारा घनमीटरांची, एखाद्या लहान खोलीएवढी हवा ज्वालाग्राही होऊ शकते. शिवाय हा वायू हवेपेक्षा जड असल्याने वर न जाता जमिनीलगत साचतो. मुळात त्याला वास नसतो. गळती ध्यानात यावी म्हणूनच मर्कॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य त्यात मिसळलेले असते. वास येणे ही धोक्याची सूचनाच समजावी.

दोष कसा ओळखावा?

ज्योत मंदावली की दोष रेग्युलेटरचाच, असा समज आढळतो. तो नेहमी खरा नसतो. एकच बर्नर मंद असेल, तर त्या बर्नरचा जेट अथवा छिद्रे तुंबलेली असतात. ज्योत पिवळी होऊन भांडी काळी पडत असतील, तर बर्नरला पुरेशी हवा मिळत नाही असे समजावे. सर्वच बर्नर मंद असतील, तर सिलिंडर संपत आला आहे काय, नळी कोठे मुडपली वा दबली आहे काय, हे प्रथम पाहावे आणि नंतरच रेग्युलेटरकडे वळावे. मोठ्या शेगडीवर एकाच लहान सिलिंडरमधून सतत गॅस घेतल्यास तो गार पडून बाहेरून दव धरतो व ज्योत उतरते. अशा वेळी सिलिंडरवर उकळते पाणी ओतणे वा त्याखाली निखारे ठेवणे हे संकटास आमंत्रण होय. तसेच उच्च दाबाच्या भट्टीचा व घरगुती शेगडीचा रेग्युलेटर एकमेकांच्या जागी कदापि वापरू नये.

गळतीची परीक्षा साबणाच्या पाण्यानेच करावी; काडी पेटवून कधीही करू नये. शेगडीच्या कळा बंद ठेवून रेग्युलेटर चालू करावा आणि नळी, तिची दोन्ही टोके व सिलिंडरची झडप यांवर साबणाचा फेस लावावा. बुडबुडे जेथे येतील तेथे गळती आहे. झडप व रेग्युलेटर यांच्या सांध्यावर बुडबुडे आल्यास तोच रेग्युलेटर दुसऱ्या सिलिंडरवर लावून पाहावा. गळती थांबली तर पहिल्या सिलिंडरच्या झडपेतील रबरी वायसर झिजला आहे. न थांबल्यास दोष रेग्युलेटरचा आहे. या दोन्ही गोष्टी वितरकाकडूनच दुरुस्त वा बदलून घ्याव्यात. रेग्युलेटर खोलून घरी दुरुस्त करू नये.

नळी बदलण्याची रीत

मुदत संपली नसली, तरी नळी ताठर झाली असेल, तिला चिरा पडल्या असतील, उंदराने कुरतडली असेल किंवा टोके सैल झाली असतील, तर ती तत्काळ बदलावी. नवी नळी मानक चिन्हाची, तारेचे अस्तर असलेली व दीड मीटरपेक्षा अधिक लांब नसलेली असावी. दोन तुकडे जोडून लांबी वाढवू नये.

बदल करताना आसपासचा विस्तव विझवावा, दारेखिडक्या उघडाव्यात, रेग्युलेटर बंद करून काढावा व झडपेवर टोपी बसवावी. जुनी नळी काढल्यावर शेगडी व रेग्युलेटर यांची तोंडे पुसून घ्यावीत. नवी नळी घट्ट वाटल्यास टोकाला साबणाचे पाणी लावावे. विस्तवावर शेकू नये. ती तोंडावर पूर्ण खोल बसली पाहिजे. शेगडी ओट्यावर, सिलिंडर खाली व उभा असावा आणि नळी बर्नरखालून जाऊ देऊ नये. नळीवर कापड वा दुसरी नळी चढवू नये, कारण चिरा झाकल्या जातात. शेवटी साबणाच्या पाण्याने पुन्हा परीक्षा घ्यावी. जुन्या नळीचे तुकडे करून टाकावेत, म्हणजे ती दुसऱ्या घरी वापरली जाणार नाही.

वास आल्यास

विजेचे कोणतेही बटन चालू वा बंद करू नये. ज्योती विझवाव्यात, रेग्युलेटर बंद करून शक्य असल्यास टोपी बसवावी, दारे उघडावीत व मुलांना प्रथम बाहेर न्यावे. सुरक्षित अंतरावर गेल्यावर १९०६ या क्रमांकावर कळवावे. ही सेवा अहोरात्र उपलब्ध आहे.

जबाबदारी कोणाची?

घरात ही दक्षता गृहिणी घेते. शाळेत वा अंगणवाडीत मात्र ती कोणा एकाकडे सोपविलेली नसेल, तर कोणीच घेत नाही. मुख्याध्यापकांनी नळी बसविल्याचा दिनांक वहीत नोंदवावा, स्वयंपाकी महिलांना साबणाच्या पाण्याची परीक्षा प्रत्यक्ष दाखवावी आणि शाळा व्यवस्थापन समितीने दर तिमाहीस ती नोंद पाहावी. ग्रामसभेत एकदा हा विषय घेतल्यास घरोघरच्या जुन्या नळ्या ध्यानात येतील. नव्या नळीचा खर्च अल्प आहे. ज्या खोलीशेजारी गावाची मुले रोज बसतात, तेथे तो टाळणे परवडणारे नाही.