सकाळची खडखड

प्रश्न : माझी २०११ ची इंडिका व्हिस्टा क्वाड्राजेट सकाळी चालू करताच क्षणभर खडखडते. चढावर काळा धूरही सोडते. गाडी काढून टाकू का?
– एक वाचक, लोणी देवकर

उत्तर : घाई नको. तुमचं १२४८ सीसीचं इंजिन आपल्याच जिल्ह्यात, रांजणगावला बनलेलं आहे; वेळेवर ऑइल बदललं तर दीर्घकाळ साथ देणारं.

खडखड मात्र हलक्यात घेऊ नका. या इंजिनाला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे आणि तिचा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल जुनं, काळं, गाळाचं झालं की दाब यायला वेळ लागतो. तेवढ्यात सैल चेन वाजते. ती सरकली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन उघडावंच लागतं. म्हणून आधी मॅन्युअलमधल्या ग्रेडचं ऑइल आणि फिल्टर बदला. तरीही आवाज राहिला, तर चेन, टेन्शनर आणि गाइड एकत्रच बदला. नुसता टेन्शनर बदलणं म्हणजे मजुरी दोनदा.

काळ्या धुरासाठी लगेच इंजेक्टर खोलू देऊ नका. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे धूळ खाऊन एअर फिल्टर तुंबतो. तो आधी पाहा. मग टर्बोकडून येणारा रबरी पाइप चिरलाय का आणि ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने भरलाय का, ते तपासा. डिझेल फिल्टरमधलं पाणीही काढत जा.

दिल्लीसारखी दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवरची बंदी आपल्याकडे नाही. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण मात्र बारामतीच्या आरटीओत करून घ्यावं लागेल.