श्रमावरील कर आणि बेकारी

कराचा विषय निघाला की व्यापाऱ्यास प्रथम सुचतो तो प्रश्न हा की, कर भरावयाचा कोणी? त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, तो अखेरीस सोसतो कोण? धान्यबाजारात ही गोष्ट आपणां सर्वांच्या अनुभवाची आहे. बाजार-शुल्क खरेदीदाराच्या नावे पडले, तरी त्यास दुसरी पेठ मोकळी असल्यास तो तेवढा भाव पाडूनच माल मागतो. मालाची टंचाई असल्यास मात्र तेच शुल्क त्याच्या अंगावर बसते. श्रमावरील करासही हाच न्याय लागू पडतो.

श्रमावरील कर म्हणजे वेतनावरील प्राप्तिकर, विमा व निवृत्तिवेतन यांसाठी कामगाराने भरावयाचे अंशदान आणि मालकाने भरावयाचे अंशदान, या तिहींची बेरीज. अशा सक्तीच्या अंशदानाचा पाया जर्मनीत बिस्मार्कच्या काळी, १८८३ च्या आजारविमा कायद्याने घातला गेला. मालकास कामगारापायी शंभर रुपये खर्च यावा आणि कामगाराच्या हाती पासष्ट पडावेत, तर मधले पस्तीस हा श्रमावरील भार होय. सरासरी वेतनाच्या एकट्या कामगाराबाबत प्रगत देशांतील सरासरी भार सुमारे एवढाच आहे. जर्मनीत तो अठ्ठेचाळीसच्या आसपास, तर बेल्जियममध्ये पन्नासाहून अधिक आहे.

मग भार अधिक तेथे बेकारी अधिक, असे त्रैराशिक मांडता येईल काय? येत नाही. जर्मनीत २००५ साली बेकारी सुमारे अकरा टक्के होती; पुढील दहा वर्षांत ती जवळजवळ निम्म्यावर आली, परंतु श्रमावरील भार फारसा उतरला नव्हता. तेव्हा भाराखेरीज आणखी काहीतरी पाहिले पाहिजे. ते म्हणजे वेतन ठरविण्याची रीत.

चिली देशाने १९८१ साली निवृत्तिवेतनाची व्यवस्था बदलली. जोनाथन ग्रुबर या अर्थशास्त्रज्ञाने तेथील कारखान्यांचा अभ्यास केला. कारखान्यांवरील वेतनकराचा सरासरी भार काही वर्षांत ३० टक्क्यांवरून ८.५ टक्क्यांवर आला होता. परंतु नोकऱ्या वाढल्याचे आढळले नाही, वाढली ती वेतने. अर्थात पूर्वीचा कर मालकाच्या नावे असला, तरी सोसत होता तो कामगारच.

स्वीडनमध्ये याच्या उलट घडले. तेथे २००७ ते २००९ या काळात तरुण कामगारांपायी भरावयाचे मालकांचे अंशदान सुमारे निम्म्यावर आणले गेले. वेतने सामूहिक कराराने बांधलेली असल्याने ती हलली नाहीत. तरुणांतील रोजगाराचे प्रमाण मात्र दोन ते तीन टक्क्यांनी वाढले.

दावेरी व ताबेल्लिनी या इटालियन अर्थशास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्षही याच दिशेचा आहे. युरोप खंडातील ज्या देशांत कामगार संघटना प्रबळ, परंतु विखुरलेल्या होत्या, तेथे कराने बेकारी अधिक वाढविली. इंग्लंड-अमेरिकेत, जेथे संघटनांचा जोर कमी, आणि उत्तरेकडील देशांत, जेथे संपूर्ण राष्ट्राचा विचार करून एकत्रित वाटाघाटी होत, तेथे परिणाम अल्प दिसला.

सारांश, वेतन जेथे नमते तेथे कर कामगाराच्या पदरातून जातो. वेतन जेथे नमत नाही तेथे नोकरी जाते. अल्पवेतनी कामगाराचा प्रश्न विशेष नाजूक आहे. किमान वेतनाखाली त्याचे वेतन उतरू शकत नाही, म्हणून भाराचा पहिला आघात त्याच्या नोकरीवर होतो. याच कारणास्तव फ्रान्सने १९९३ पासून अल्प वेतनावरील मालकांचे अंशदान हलके करण्यास आरंभ केला.

आपल्या देशात १९५२ च्या कायद्याने भविष्य निर्वाह निधी आला. आज त्यात मालक व कामगार यांचे अंशदान सामान्यतः प्रत्येकी बारा टक्के असते. सरकारकडे अर्ज-विनंत्या करताना प्रत्येक अंशदानाने रोजगार बुडतो, असा सरसकट युक्तिवाद आपण करू नये. अल्पवेतनी नोकरांपुरती सवलत मागावी, ती मागणी पुराव्यास धरून होईल. तसेच मालकाचा हिस्सा हा सर्वस्वी आपल्या गाठीचा, अशी समजूतही ठेवू नये. त्यातील काही भाग नोकराने आधीच कमी वेतन पत्करून दिलेला असू शकतो. म्हणून तो भरणा मुदतीत करणे, हे देणे चुकते करण्याइतकेच आवश्यक आहे, असे आम्ही समजतो.