पेटीचा गंधार

खोपटच्या आमच्या वर्गात एका मुलीने विचारले, "सर, पट्टी दाबली की पेटीतून सूर निघतोच. मग पेटी बेसूर कशी होईल?"

समजा, तंबोऱ्याचा 'सा' सेकंदाला २४० कंपनांचा आहे. मग त्याच्याशी जुळणारा शुद्ध गंधार ३०० कंपनांचा असतो. पेटीचा गंधार मात्र सुमारे ३०२ कंपनांचा येतो. पेटी बिघडलेली नसते. ती तशीच बनवलेली असते. गवयाचा गळा हवा तसा वरखाली होतो. पेटीचे सूर ठरलेले असतात. कोणत्याही पट्टीला 'सा' मानता यावे, म्हणून सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. त्यामुळे सोय होते, पण गंधार थोडा चढतो.

सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी या फरकाचा अभ्यास केला. १९१० साली त्यांनी बावीस श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केले. या कामात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी त्यांना साथ दिली. एकाने गणित मांडले, दुसऱ्याने गाऊन दाखवले. पुढे श्रुतींची पेटीही तयार झाली.

१९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. १९७१ साली ती शिथिल झाली. आज मैफलीत पेटी आहे आणि तंबोराही आहे. गवई पेटीची साथ घेतो, पण आपला सूर तंबोऱ्याशी जुळवतो.

मुलांनो, सोय जरूर घ्यावी. पण आपला कान गहाण ठेवू नये.