शेतीयंत्रातील फर्मवेअर खुले असावे काय?

नांगर मोडला तर त्यातील दोष डोळ्यांस दिसतो आणि गावचा लोहार अथवा सुतार तो दुरुस्त करू शकतो. आजचे ट्रॅक्टर, सौर पंप व ठिबक संचाचे स्वयंचलित नियंत्रक मात्र आतील चिपमध्ये साठविलेल्या सूचनांनुसार चालतात. या सूचनांच्या संचास फर्मवेअर म्हणतात. उत्पादकाने मूळ सूचना प्रसिद्ध केल्या नाहीत, तर जाणकार तंत्रज्ञासही त्या सहसा उलगडत नाहीत. त्या खुल्या करण्याची कायद्याने सक्ती असावी काय, याचा येथे विचार करू.

सौर पंपाचे उदाहरण

सौर पॅनेलची वीज पंपास योग्य अशी करणे आणि विहीर कोरडी पडताच पंप थांबविणे ही कामे नियंत्रक करतो. २०१९ साली सुरू झालेल्या पीएम-कुसुम योजनेतील पंपांच्या देखभालीची जबाबदारी पुरवठादारावर ५ वर्षे असते. पॅनेल मात्र सुमारे २५ वर्षे उपयोगी पडतात. सहाव्या वर्षी नियंत्रक बिघडला व कंपनीने तो प्रकार बनविणे सोडले असेल, तर पंप व पॅनेल धडधाकट असूनही पीक वाळेल.

अमेरिकेतील अनुभव

अमेरिकेत ट्रॅक्टरचा नवा भाग बसविल्यावरही विक्रेत्याच्या संगणकाने मान्यता दिल्याशिवाय यंत्र चालत नाही, अशी शेतकऱ्यांची तक्रार होती. कोलोरॅडो राज्याने २०२३ साली कायदा केला व तो १ जानेवारी २०२४ पासून अमलात आला. त्यान्वये सुटे भाग, साधने व दुरुस्तीची माहिती मालकास आणि स्वतंत्र कारागिरास देणे उत्पादकास भाग आहे. व्यापारी गुपिते उघड करण्याची सक्ती मात्र त्यात नाही.

सक्ती कोठवर असावी?

उत्पादक म्हणतात की, संशोधनास खर्च येतो आणि संरक्षक मर्यादा कोणीही बदलल्यास मोटार जळेल. हे म्हणणे निराधार नाही. तथापि सूचना वाचता येणे व त्या बदलणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. बदल करणाऱ्यावर त्याची जबाबदारी ठेवता येते. म्हणून दुरुस्तीची माहिती प्रत्येक यंत्राबरोबर द्यावी. सरकारी अनुदानातून दिलेल्या यंत्रांबाबत करारातच अट असावी की, कंपनीने सेवा थांबविताच मूळ सूचना व त्या यंत्रात भरण्याची सोय खुली होईल. यंत्राची किंमत जनतेच्या पैशातून दिली जात असताना ही मागणी वाजवी होय.

खरेदीच्या वेळी लक्षात ठेवा

१. पडद्यावर उमटणाऱ्या दोषांकांची अर्थासह मराठी यादी मागून घ्यावी.
२. नियंत्रकाचा प्रकार, क्रमांक, फर्मवेअरची आवृत्ती व मूळ मांडणी वहीत नोंदवावी.
३. दुसऱ्या कंपनीचा नियंत्रक त्या पंपास चालेल काय, हे लेखी विचारावे.
४. ऊन असताना पॅनेलच्या तारांत धोकादायक वीज असते. नियंत्रकाची पेटी स्वतः उघडू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या नोंदी प्रत्येक लाभधारकाकडून करवून घ्याव्यात. बिघाडाच्या दिवशी त्याच उपयोगी पडतील.