वस्ती बदलते, माणूसही बदलतो

घरातील मुलगा वाईट मार्गाला लागला की दोन उत्तरे ऐकू येतात. ‘त्याचा स्वभावच तसा’ हे एक आणि ‘संगतीने बिघडवले’ हे दुसरे. पहिले सारा दोष मुलावर टाकते, दुसरे मोहल्ल्यावर. दोन्ही अपुरी आहेत.

मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९३६ मध्ये एक सूत्र मांडले: वर्तन हे व्यक्ती आणि तिचा परिसर या दोहोंतून घडते. पुढे त्यांनी सहकाऱ्यांसह अमेरिकेत १० वर्षे वयाच्या मुलांच्या मंडळांचा अभ्यास केला. तो १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. हुकूम सोडणाऱ्या प्रमुखाच्या हाताखाली मुले एक तर दबून गेली, नाही तर परस्परांवर चिडू लागली. प्रमुख खोलीबाहेर जाताच त्यांचे काम थंडावले. विचारविनिमय करणाऱ्या प्रमुखाच्या गटात मात्र काम त्याच्या मागेही चालू राहिले. केवळ वडिलांच्या धाकाने नमाज पढणारा मुलगा वडील परगावी गेल्यावर काय करील, हे यावरून ताडता येते.

मग माणूस परिसराच्या हातचे बाहुले आहे काय? अल्बर्ट बांडुरा यांनी १९७८ मध्ये सांगितले की परिसर माणसाला घडवतो, तसाच माणूसही आपल्या कृतीने परिसर घडवतो.

येथे बुखारी व मुस्लिम या संग्रहांतील एक हदीस आठवते. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी ९९ हत्या केलेल्या एका माणसाची हकीकत सांगितली. तौबेची वाट विचारता एका संन्याशाने त्याला निराश केले. त्याने त्यालाही ठार केले आणि १०० हत्या पूर्ण झाल्या. नंतर भेटलेल्या आलिमाने सांगितले की तौबेचे दार उघडे आहे. पण हे गाव सोड आणि जेथे लोक अल्लाहची उपासना करतात तेथे जा. तो निघाला आणि वाटेतच वारला. रहमतीचे व अजाबचे फरिश्ते वाद घालू लागले. अंतर मोजले गेले, तेव्हा तो सज्जनांच्या गावाकडे वीतभर जवळ निघाला आणि रहमतीच्या फरिश्त्यांनी त्याला नेले.

आलिमाने गावाला दोष देऊन त्याला निर्दोष ठरवले नाही. तसेच त्याच गावात राहून सुधार, असेही म्हटले नाही. अंतःकरण त्याने स्वतः वळवायचे होते आणि पावलेही त्यानेच टाकायची होती. पण वस्ती बदलणे त्याच्या तौबेला आवश्यक होते. तो नव्या गावी पोहोचलाच नाही, तरी त्याचे निघणे वाया गेले नाही.

म्हणून मुलाला ‘ती संगत सोड’ एवढेच सांगून थांबू नका. कोणाकडे जायचे तेही दाखवा. त्याच्यासोबत बसा, त्याचे ऐका, सज्जन मित्रांना घरी बोलवा. आणि स्वतःला विचारा: परतणारा तरुण मशिदीच्या सफमध्ये उभा राहतो, तेव्हा आपण त्याला जागा देतो की त्याच्याकडे रोखून पाहतो? त्याला निघायचे आहे ते गाव आपणच असायला हवे.