वेताळ मरतो की नाही?

आमच्या आत्याच्या पेटीत इंद्रजाल कॉमिक्सचे तीन मराठी अंक सापडले. हे अंक १९६४ साली निघू लागले व १९९० साली बंद पडले. वर्गात सर्वांनी वाचले. पार चिंध्या व्हायची वेळ आली!

त्यातला वेताळ ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३६ साली निर्माण केला. सुपरमॅन नंतरचा, १९३८ चा. सुपरमॅन उडतो. वेताळाला उडता येत नाही, गोळी लागली तर रक्त निघते. तरी जंगलातले लोक त्याला अमर समजतात. कारण बाप मेला की मुलगा तोच बुरखा घालतो, अन् लोकांना वाटते हा तोच. गोष्टीतला वेताळ एकविसावा आहे.

माझा मित्र म्हणाला, "मले सुपरमॅनच आवडते." मला वेताळ आवडतो. तो मरू शकतो, तरी जातो.

तेवढ्यात मागच्या बाकावरची मैत्रीण म्हणाली, "अन् त्याच्या पोराले मास्तर व्हायचं असलं तर?" मला उत्तर सुचले नाही. संध्याकाळी वावरात बाबांना विचारले. ते सोयाबीन सोंगत होते. म्हणाले, "तू आधी शाळा शिक. वावराचं मंग पाहू."

अंक माझ्याकडे आहेत. हात धुऊन यावे.